वीजबिल वाढलं की चुकलं?

पाऊस असूनही एवढे जण आलात, म्हणजे विषय सगळ्यांच्या घरातला आहे. येताना आपापलं वीजबिल घेऊन या, असं निमंत्रणात लिहिलं होतं. बऱ्याच जणांच्या हातात कागद दिसताहेत. असू द्यात, ते आपल्याला लागणार आहेत.

मी दर शनिवारी एका ग्राहक मदत केंद्रात बसतो. तिथे येणारा माणूस बहुधा एकच वाक्य घेऊन येतो, "बिल फार आलंय हो." मी त्याला उलट विचारतो, "वाढलंय की चुकलंय?" यावर काही जण चिडतात. आम्ही तक्रार घेऊन आलोय आणि तुम्ही आम्हालाच प्रश्न विचारता? पण आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नातच आहे. बिलाची रक्कम मोठी दिसण्याची कारणं तीन. एक, दर वाढला. दोन, वापर वाढला. तीन, हिशोब चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आणि तिन्हींची दारंही वेगळी. दरवाढीचा राग घेऊन आपण बिल भरण्याच्या खिडकीशी भांडतो. तिथल्या कारकुनाला दर कमी करता येत नाही. आणि जो हिशोब त्याच कचेरीत दुरुस्त करून घेता आला असता, तो "महागाईच आहे, काय करणार" म्हणत मुकाट भरतो.

एका काकूंची गोष्ट सांगतो. नाव, गाव आणि कंपनी, तिन्ही बाजूला ठेवतो.

काकू घरी शिवणकाम करतात. मीटर जिन्याखालच्या खोलीत, आणि त्या खोलीला कुलूप. नऊ महिने त्यांना दर महिन्याला ४० युनिटचं बिल आलं. न चुकता, बरोबर ४०. काकू खूश. दहाव्या महिन्यात बिल आलं ११४० युनिटचं. काकूंनी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही. मुलाला कळलं तर तो रागावेल, शिलाई मशीनची मोटर बंद करा म्हणेल, ही भीती. तिसऱ्या दिवशी वीज तोडण्याची नोटीस आली, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. सोबत सगळी बिलं, पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेली. पुढचं सगळं त्या पिशवीमुळे जमलं, म्हणून ती लक्षात ठेवा.

आधी रीडिंग बघा, रक्कम नंतर

आता आपापलं बिल उघडा. आपली नजर थेट खालच्या मोठ्या आकड्यावर जाते. तो तूर्त हाताखाली झाका. शोधा चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. चालूतून मागील वजा केलं की वापरलेले युनिट. घरगुती मीटरला गुणक अवयव सहसा एक असतो, त्यामुळे ही वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही करता येते. मग मीटरपाशी जाऊन आजचा आकडा बघा. तो बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा पुढे असायला हवा. मागे असेल तर बिल निश्चित चुकलं आहे. त्यात वादाला जागाच नाही.

कधी कधी रीडिंगच्या जागी आकडाच नसतो. तिथे लॉक्ड, फॉल्टी किंवा आरएनए असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे कुलूप होतं, मीटर बिघडलेलं होतं किंवा रीडिंग मिळालं नाही. तेव्हा कंपनी आधीच्या महिन्यांची सरासरी काढून अंदाजे बिल देते. काकूंची नऊच्या नऊ बिलं अशीच होती. सलग दोन महिने युनिटचा आकडा तोच आला, तर तिथेच थांबा आणि चौकशी करा. माणसं राहतात त्या घरात दर महिन्याला अगदी तेवढीच वीज जळत नाही.

आणि इथेच आजचा पहिला मुद्दा. जास्त आलेल्या बिलाची तक्रार सगळेच करतात. कमी आलेल्या बिलाची कोणी करत नाही. पण सरासरीनं कमी आलेलं बिल ही सवलत नसते, ती उधारी असते. मीटर खोलीत बसून आपलं काम करतच असतं. ज्या दिवशी कुलूप उघडेल, त्या दिवशी सगळी वसुली एकदम येते.

तेच युनिट, तोच दर, रक्कम दुप्पट

काकूंच्या बिलात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक खरी, एक चुकीची. त्या वेगळ्या करायच्या तर स्लॅब समजून घ्यावा लागेल.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत. महिन्याचे पहिले १०० युनिट सगळ्यात स्वस्त. १०१ ते ३०० त्याहून महाग. ३०१ ते ५०० आणखी महाग. ५०० च्या वर सर्वांत महाग. फळ्यावर सोपं पडावं म्हणून मी गोल दर घेतो: पाच, दहा, पंधरा आणि वीस रुपये. हे खरे दर नव्हेत. खऱ्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हेही असतं. पण तत्त्व तेच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळी वीज महाग होते," असं लोक म्हणतात. तसं होत नाही. १०१ युनिट झाले तर पहिल्या शंभराचे ५०० आणि वरच्या एकाचे १० रुपये, मिळून ५१०. महाग होतं ते फक्त वरचं युनिट.

आता काकू. दहा महिन्यांत मीटर प्रत्यक्षात १५०० युनिट पुढे गेलं होतं. नऊ महिन्यांचे ४० प्रमाणे ३६० युनिट आधीच भरलेले. राहिले ११४०. बिलात हे सगळे एकाच महिन्याचे धरले होते. करा हिशोब. पहिले १०० पाच रुपयांनी, ५००. पुढचे २०० दहानं, २०००. पुढचे २०० पंधरानं, ३०००. उरलेले ६४० वीस रुपयांनी, १२,८००. एकूण १८,३००.

पण काकूंनी एका महिन्यात ११४० युनिट वापरलेच नव्हते. दहा महिन्यांत १५०० म्हणजे महिन्याला १५०. त्याचं बिल १०० युनिटचे ५०० आणि ५० युनिटचे ५००, मिळून १०००. दहा महिन्यांचे १०,०००. त्यातून आधी भरलेले १८०० वजा केले की ८२००.

बघा, रीडिंग तेच, दर तोच. फरक फक्त युनिट महिन्यांत विभागले की नाही एवढ्याचा. आणि रक्कम १८,३०० ऐवजी ८२००.

काकूंचं म्हणणं होतं, सगळंच माफ करा. ते होणार नव्हतं, आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. वीज वापरली होती. ८२०० देणं खरंच होतं. वरचे १०,१०० मात्र देणं नव्हतं. आपली तक्रार नेमकी केवढ्याची आहे हे आधी आपल्याला माहीत असलं पाहिजे. "बिल जास्त आहे" असा अर्ज दिला तर "मीटर बरोबर आहे" असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. "थकीत युनिट दहा महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा" असा अर्ज दिला, तर त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं.

२०२० च्या जूनमध्ये काय झालं होतं?

हेच मोठ्या प्रमाणावर आपण सगळ्यांनी अनुभवलंय. मार्च २०२० अखेर टाळेबंदी लागली. मीटर वाचणारी माणसं घरोघर फिरू शकत नव्हती. वीज नियामक आयोगानं रीडिंग थांबवून सरासरीनं बिलं द्यायला परवानगी दिली. आता सरासरी कुठल्या महिन्यांची? त्याआधीच्या, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीची. थंडीच्या दिवसांची! आणि माणसं घरात बसली होती एप्रिल-मे महिन्यात, दिवसभर पंखा, कूलर, टीव्ही आणि मुलांचे मोबाइल लावून.

समजा एखाद्या घराचा थंडीतला वापर ९० युनिट आणि उन्हाळ्यातला १९०. एप्रिल आणि मे महिन्यांचं बिल ९० प्रमाणे आलं. दर महिन्याला १०० युनिट मागे राहिले. जूनमध्ये रीडिंग घेतलं, तेव्हा जूनचे १९० आणि मागचे २००, असे ३९० युनिट एका कागदावर आले. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले होते. म्हणजे दर, वापर आणि मागची बाकी, तिन्ही एका आकड्यात कोंबलेली.

लोक रस्त्यावर आले, बिलांची होळी झाली. स्लॅबचा लाभ दिला आहे, असं कंपन्या सांगत होत्या. पण तो कसा दिला हे सामान्य माणसाला त्या कागदावरून कळत नव्हतं. आणि ज्या महिन्यात हातात पगार नाही, त्या महिन्यात तीन महिन्यांचं बिल आलं, तर हिशोब बरोबर असूनही ते अन्यायाचंच वाटणार. हिशोब बरोबर असणं वेगळं आणि तो समजेल असा मांडणं वेगळं. मागणं दोन्ही आपला हक्क आहे.

दर कोण ठरवतं?

आता दुसरं दार. दर कंपनी मनानं ठरवत नाही. वीज कायदा २००३ प्रमाणे ते काम राज्याच्या वीज नियामक आयोगाचं आहे. कंपनी आयोगाकडे याचिका करते, ती प्रसिद्ध करावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात आणि मग आयोग निर्णय देतो. आपल्याकडे महावितरणच्या याचिकेवर महसूल विभागांत जाहीर सुनावण्या होतात. तिथे कोणीही उठून मराठीत बोलू शकतो. मी गेलोय. उद्योगांचे प्रतिनिधी जाड फायली घेऊन येतात. घरगुती ग्राहक मोजकेच असतात. मग ज्याची बाजू मांडली जाते, तिचाच विचार व्हायचा. गोव्यात वीज सरकारचं खातंच पुरवतं, पण दर तिथेही गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग ठरवतो.

कायदा आणखी एक सांगतो. दर सर्वसाधारणपणे आर्थिक वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा बदलता येत नाहीत. मग मध्येच बिल का वाढतं? कारण अपवाद आहे तो इंधन अधिभाराचा. बिलात "इंधन समायोजन आकार" अशी ओळ असते. कोळसा महागला, किंवा ऐन उन्हाळ्यात बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की मंजूर खर्चापेक्षा झालेला जादा खर्च काही काळानंतर या ओळीतून वसूल होतो. म्हणून आयोगाचे दर तेच असूनही बिल हलतं. वीज शुल्काची ओळ मात्र राज्य सरकारची. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के आहे, आणि टक्क्यांत असल्यामुळे वरची रक्कम वाढली की तेही आपोआप वाढतं.

अजून एका कागदाबद्दल लोक दर वर्षी घाबरून येतात. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल. वर्षभराचा वापर वाढला की ठेवीचा फरक मागितला जातो, आणि त्याचं बिल वेगळं येतं. तो विजेचा खर्च नाही, आपल्याच नावावरची ठेव आहे. तिच्यावर व्याज मिळतं. ते बिलात जमा झालं का, हे बघा.

नोटीस आली तर

आता काकूंच्या हातातली नोटीस. वीज तोडण्याआधी कमीत कमी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कलम ५६. तोंडी धमकी ही नोटीस नव्हे. आणि त्याच कलमात एक तरतूद आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकानं हरकत नोंदवून एकतर मागितलेली पूर्ण रक्कम भरायची, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीनं दर महिन्याचं देणं भरायचं. दोहोंतलं जे कमी असेल ते. तेवढं भरलं की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. काकूंनी तसंच केलं. अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं, "हरकत राखून भरत आहे." पावती घेतली. त्या रात्री त्यांची मशीन चालू राहिली.

बिल भरायचंच नाही, हा मार्ग मी कोणालाही सांगत नाही. त्यात तक्रार मागे पडते आणि थकबाकीदार हा शिक्का पुढे येतो.

तक्रारीचा क्रम असा. आधी कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. १९१२ वर फोन केला असेल तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. अर्जाला बिलांच्या प्रती आणि मीटरचा फोटो जोडा. तिथे काम झालं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. या पायऱ्यांवर वकील लागतोच असं नाही, कागद मात्र लागतात. एक लक्षात घ्या. वीजचोरी किंवा अनधिकृत वापराचा ठपका असेल, तर ते प्रकरण मंचाकडे चालत नाही, त्याची वाट निराळी आहे.

केंद्र सरकारनं ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांत म्हटलंय की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं देऊ नयेत. मीटरपर्यंत लागोपाठ दोनदा पोचता आलं नाही, तर ग्राहक स्वतः मीटरचा फोटो तारखेसह नोंदणीकृत मोबाइलवरून किंवा ईमेलनं पाठवू शकतो. काकूंना हे पहिल्या दोन महिन्यांत कळलं असतं, तर ती रात्र आलीच नसती.

काकूंचं पुढे काय झालं? चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी एका तरुण अधिकाऱ्यानं पिशवीतली दहाही बिलं टेबलावर मांडून घेतली, स्वतः हिशोब केला आणि बिल दुरुस्त करून दिलं. उरलेली रक्कम तीन हप्त्यांत भरायची ठरली. आता जिन्याखालच्या खोलीची एक किल्ली काकूंकडे असते. दर महिन्याच्या एक तारखेला त्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मीटरचा आकडा लिहितात.

तुमचे एक-दोन प्रश्न घेऊ.

श्रोता: आमचं मीटर पळतं. घरच्या घरी तपासता येईल का?

अंदाज नक्की घेता येईल. आधी घरातला मुख्य स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर एकतर गळती आहे किंवा दुसऱ्या कोणाची वीज तुमच्या मीटरवरून जातेय. इमारतीत दोन घरांची मीटरं अदलाबदल झालेलीही आम्ही पाहिली आहेत. नंतर फक्त एक १००० वॅटचा पाणी तापवण्याचा रॉड लावा, बादलीत पाणी भरूनच, आणि हात लांब ठेवून. मीटरवर युनिटला ३२०० इम्पल्स लिहिलं असेल, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लागला पाहिजे. व्होल्टेजप्रमाणे चार-पाच इकडेतिकडे होतील. सत्तर-ऐंशी झाले, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत तपासणी व्हावी, असं नियम सांगतात.

श्रोता: चार वर्षांपूर्वीची बाकी आता काढली तर द्यावी लागते का?

चांगला प्रश्न. कलम ५६ मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, मात्र प्रत्येक बिलात ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल तरच. आता देय कधी झाली? फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वितरण कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बिल दिलं तेव्हा. चुकीमुळे राहिलेल्या रकमेचं पुरवणी बिल दोन वर्षांनंतरही काढता येतं, पण त्या रकमेसाठी वीज तोडण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा असं बिल आलं, तर "दोन वर्षं झाली, संपलं" म्हणून फेकू नका. ही रक्कम आधीच्या बिलांत दाखवली होती का आणि ती कुठल्या चुकीमुळे राहिली, हे लेखी विचारा. त्यासाठी जुनी बिलं लागतील. म्हणून पुन्हा सांगतो, पिशवी सांभाळा.

वेळ संपली. बिलं आणलेली मंडळी मागच्या टेबलाशी थांबा, मी आहे. सगळ्यांनी एकदम रक्कम सांगू नका, आधी रीडिंग सांगा.